उघडा आकडा

५ फेब्रुवारी, बुधवार

टाकीला दोन नळ. एकाने भरते, दुसऱ्याने गळते. किती तासांत भरेल? — हे नातीचं गणित. पाऊण तास रडारड. मी म्हटलं, आधी त्या माणसाला खालचा नळ बंद करायला सांग. हसली, आणि परत रडायला लागली. अकरा वर्षांची घोडी!

दर म्हणजे काय गं, विचारलं. म्हणाली, भाव. टोमॅटोचा असतो तो.

मी सातवी पास. पण बत्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आया होते, तिथे सगळं दरावरच चालायचं. थेंब दर मिनिटाला, ठोके दर मिनिटाला, औषध दर आठ तासांनी. तिचं मनगट धरलं, तिचीच बोटं त्यावर ठेवली, म्हटलं मोज. पाव मिनिटात बावीस. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. "हा तुझा दर," म्हटलं. "या दराने तुला कोणी विकत घेणार नाही, पण तुझा आहे."

पटलं तिला. नाक पुसलं आणि माझं मनगट ओढायला लागली. मी हात काढून घेतला. भांडी पडली होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नातीने शाळेत भोंगा वाजवला. तिच्या बाई आज दारात. सहावीचा वर्ग, एक्केचाळीस मुलं, दर कोणाच्या डोक्यात शिरत नाही. "मावशी, तुम्ही याल का? बुधवारी आणि शनिवारी, तास-तासभर." म्हटलं, मी काही शिकलेली नाही. म्हणाल्या, म्हणूनच.

याचा अर्थ मला लागला नाही. पण राग पण आला नाही. येते म्हटलं.

त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. येताना जिन्यात थांबावं लागलं, दुसऱ्या वळणावर. शेजारीण वरून बघत होती. मी पदराला काही लागलंय का ते बघत असल्यासारखं केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात उभी राहिले तर सगळी मुलं माझ्या पायांकडे बघत होती. एवढे का सुजलेत म्हणून असेल. म्हटलं, वर बघा, शिकवायचं तोंडाने आहे.

फळ्याला हात लावला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, शाळेच्या गळक्या नळापाशी. आठ वर्षं गळतोय म्हणे, शिपाई अभिमानाने सांगत होता. मोजा म्हटलं. कोणी एकोणचाळीस, कोणी चाळीस, एक महाभाग सत्तर. त्याने शेजारच्याचे पण मोजले.

चाळीस धरले. मग सांगितलं, सलाईनचे वीस थेंब म्हणजे एक मिली. बाटली पाचशेची. एकूण थेंब किती? दहा हजार. दर मिनिटाला चाळीस पडले तर संपायला किती वेळ? अडीचशे मिनिटं. चार तास दहा मिनिटं. म्हणजे बाटली आठला लावली तर आया किती वाजता परत फिरकली पाहिजे? — इथे सगळी गप्प झाली आणि मग सगळी एकदम ओरडली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना वाटलं नसावं जमेल.

एक मुलगी आहे. कुठलंही वाक्य "पण" पासून सुरू. पण थेंब लहान-मोठे असले तर? पण पेशंट हलला तर? मी नाव ठेवलं पणपण. ती खूश.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आडवी झाले. चारच्या सुमाराला डोळा लागत होता, तेवढ्यात तो आवाज. उशीजवळ. भराभरा, लहान लहान, तोंड उघडं ठेवून घ्यावा तसा श्वास. खोलीत कोणी नाही. सून बाहेर कपडे वाळत घालत होती.

घाबरले नाही. मोजले. जुनी सवय — घड्याळावर अर्धं मिनीट. अकरा.

उठून बसले तर बंद.

मला माहीत आहे कोणाचा आहे. बरेच दिवस आला नव्हता, मागच्या महिन्यापासून येतोय. याचं कोणाला बोलणार नाही. उगाच बाऊ होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज वर्गात ताप घेतला. सकाळी आठला नव्व्याण्णव, दुपारी दोनला एकशे दोन. सहा तासांत तीन. दर तासाला अर्धा. इथपर्यंत पोरं पळत आली. मग पणपण: "पण आजी, मग उद्या सकाळी आठला एकशे अकरा होईल." मागून कोणीतरी: "चहा ठेवता येईल." वर्ग पालथा. बाई पण हसल्या.

मला ते उत्तर आवडलं. म्हटलं, गणित बरोबर आहे. दर सांगतो की असंच चालू राहिलं तर काय होईल. असंच चालू राहू द्यायचं का, ते आपण ठरवायचं. म्हणून दर काढायचा. नुसता ताप बघून कळत नाही चढतोय की उतरतोय.

मग एकाने फळ्यावर लिहिलं — ९६. मी विचारलं, काय हे? म्हणाला, माझे ठोके. म्हटलं, कशात? पाव मिनिटात? तासात? जन्मात? मी म्हटलं, आकडा असा उघडा सोडायचा नाही. त्याच्या अंगावर काहीतरी घाल. दर मिनिटाला, दर तासाला, जे असेल ते. उघडा आकडा माझ्या वर्गात दिसला तर कान पिळीन.

जरा जास्तच जोरात बोलले. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "मावशी, हे छान आहे हो, उघडा आकडा. कुठून आणलंत?" म्हटलं, वॉर्डातून. आणि चपला घातल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वहीला सांगायला काय जातं. वही काही बोलत नाही.

नोकरीला लागून दुसरं वर्ष. वॉर्डात वीस खाटा, मुलं तीस, सिस्टर एक. मोठ्या सिस्टर. आयाने मोजायचं नसतं, पण हात कमी म्हणून त्यांनी मला श्वास मोजायला शिकवलं. पोटाकडे बघायचं, अर्धं मिनीट मोजायचं, दुप्पट करून तक्त्यात लिहायचं. मला फार मोठी झाल्यासारखं वाटायचं.

खिडकीजवळची खाट. आठ महिन्यांचं बाळ, खोकला. दुपारचे चार. मी अर्धं मिनीट मोजले — अठ्ठावीस. तेवढ्यात पलीकडून हाक आली, कोणीतरी चादर भरवली होती. विसरायला नको म्हणून अठ्ठावीस लिहून टाकलं. म्हटलं, दुप्पट येऊन करते.

आले नाही.

आई मागे लागली होती. अगदी साधी बाई. "अहो, बघा ना, झोपल्या झोपल्या धावतंय." तीनदा म्हणाली. मी तक्ता बघितला आणि तिलाच ऐकवलं, "आकडा ठीक आहे. उगाच बाऊ करू नका." मीच लिहिलेला आकडा! सहाला डॉक्टर आले. तीस मुलं. पायथ्याचा तक्ता बघितला — अठ्ठावीस, एवढ्याशा बाळाला अठ्ठावीस म्हणजे शांत. पुढच्या खाटेवर गेले. छप्पन दिसले असते तर थांबले असते.

पहाटे गेलं.

चौकशी झाली. कोणी लिहिलं? मी भिंतीला चिकटून उभी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी." नंतर मला बाजूला घेऊन एवढंच — "मोजायला मी लावलं होतं. तू गप्प बस."

बसले. अजून बसलेच आहे.

त्यांना मुलांच्या वॉर्डातून काढलं. चादरींच्या कोठीत टाकलं. रिटायर होईपर्यंत चादरी. मी रोज वॉर्डाच्या चादरी घ्यायला कोठीच्या खिडकीशी जायची, म्हणायची, बारा. त्या वर न बघता विचारायच्या, "बारा कशाच्या? दिवसाच्या की दर ड्युटीच्या?" एकोणीस वर्षं. एकदाही दुसरं काही बोलल्या नाहीत. त्या गेल्याला सहा वर्षं झाली. मी गेले नाही बघायला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज श्वास घेतला. म्हणजे शिकवायला घेतला! मुद्दाम. मोठ्या सिस्टरांनी मला शिकवलं तसंच — पोटाकडे बघ, घड्याळाकडे बघ, बोलू नको. फक्त अर्धं मिनीट नाही. पूर्ण मिनीट. सगळ्यांना दटावून सांगितलं, पूर्ण.

जोड्या लावल्या. एकमेकांची पोटं बघून अर्धा वर्ग हसत सुटला. हसला की परत पहिल्यापासून. तीनदा केल्यावर हसू संपलं.

मग सांगितलं — एकच आकडा घ्या, अठ्ठावीस. दर मिनिटाला. झोपलेल्या तान्ह्याचे अठ्ठावीस म्हणजे सुखात आहे, पांघरूण नीट करा आणि जा. तेच तुमच्या बाबांचे, आजोबांचे, बसल्या जागी अठ्ठावीस आले तर वही टाका आणि डॉक्टर गाठा. मोठ्या माणसाचे वीसच्या आत पाहिजेत. आकडा तोच. कोणाचा आहे आणि कशाला किती, हे कळल्याशिवाय आकड्याला अक्कल नसते.

बाईंनी गृहपाठ दिला. घरातल्या प्रत्येकाचे श्वास मोजायचे, तक्ता करायचा. पुढच्या शनिवारी आणायचा.

येताना नात पिशवी घेते म्हणाली. दिली. ती दोन पावलं पुढे जाऊन उभी राहायची, मी पोचले की परत चालायची. मी म्हटलं, तुला काय झालंय, नीट चाल की. म्हणाली, काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नातीचा तक्ता चालू. बाबा सतरा. आई एकोणीस, ती भांडली म्हणून वाढले म्हणे. मग माझ्यासमोर येऊन बसली, घड्याळ हातात. म्हटलं, माझे नाही. का? माझे मोजायचे नाहीत. पण बाई म्हणाल्या प्रत्येकाचे — म्हटलं, बाईंना सांग आजी श्वास घेत नाही.

हिरमुसली. मुलगा म्हणाला, "आई, मोजू दे ना, तुझं काय जातंय? आणि एकदा दाखवून पण येऊ." मी म्हटलं, दाखवायला मी काय प्रदर्शन आहे? बाऊ नको.

दुपारी परत. चार. आज बारा. उठून बसले, बंद.

बाळाचे अर्ध्या मिनिटात अठ्ठावीस होते. हा हळू आहे. इतकी वर्षं धावून दमलं असेल.

हे लिहिलं आणि वही लांब ठेवली. आत्ता परत घेतली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेला दांडी. चप्पल पायात जाईना. सुनेला सांगितलं, चप्पल आटली. ती माझ्या पायांकडे बघत राहिली, मग मुलाची मोठी चप्पल आणून ठेवली. शहाणी आहे.

झोपताना तीन उशा लागतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज माझी शोभा झाली. सगळं लिहिते.

तक्ते गोळा केले. बाई म्हणाल्या तुम्हीच तपासा, तर तिथेच शेवटच्या बाकावर बसून बघत होते. बरी होती पोरं. सगळ्यांनी दर मिनिटाला, दर मिनिटाला लिहिलेलं. एकाने तर कुत्र्याचे पण. नातीचा तक्ता आला — बाबा, आई, ती स्वतः. खाली "आजी" आणि पुढे कोरं.

पुढचा तक्ता पणपणचा. आई अठरा, दर मिनिटाला. मोठा भाऊ वीस, दर मिनिटाला. मग "आमचं बाळ, आठ महिने" — २८.

नुसतं अठ्ठावीस. उघडं.

पणपण आज शाळेत आली नव्हती. का, विचारलं. कोणीतरी म्हणालं, घरी बाळाला बरं नाहीये वाटतं, सकाळी भावाच्या हाती तक्ता पाठवला.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. नातीला घर माहीत होतं. बाई मागून हाका मारत होत्या. दोन गल्ल्या, मग जिना, तिसरा मजला. मी कुठल्याही वळणावर थांबले नाही. दार वाजवलं — वाजवलं कसलं, बडवलं. तिच्या आईने उघडलं, हाताला साबण. मी तिला बाजूला सारून आत. बाळ कुठे आहे, बाळ कुठे आहे!

बाळ झोपलं होतं. मी झबलं वर केलं. पोटाकडे बघितलं. घड्याळ दिसेना, डोळ्यांपुढे काळं. नातीला म्हटलं, तू मोज. पूर्ण मिनीट.

पूर्ण मिनीट कोणी बोललं नाही.

"अठ्ठावीस," नात म्हणाली. "दर मिनिटाला."

बाळाला काहीही झालं नव्हतं. दात येत होते, जुलाब झाले होते दोन, एवढंच. आईला आता कामाला निघायचं होतं म्हणून पणपण घरी. ती कोपऱ्यात उभी राहून रडायला लागली. "पण मी पूर्ण मिनीट मोजले होते, आजी. दोनदा मोजले. पण लिहायचं राहिलं." आणि दोन्ही हात कानांवर. मी पिळीन म्हणून.

तिची आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाळ छान आहे हो, आजी. तुम्ही आधी बसा बघू." पाणी दिलं. मला पेला ओठाला लावता येईना. दोन घोटांच्या मध्ये हवा मावत नव्हती. मला वाटलं राग आलाय, म्हणून.

नात माझ्यासमोर जमिनीवर बसली. हात धरला नाही, काही नाही. नुसती बघत होती, पोटाकडे. आणि हळूच म्हणाली —

"आजी, तू बसल्या बसल्या धावतेस."

२३ फेब्रुवारी, रविवार

या पोरीला ते शब्द कोणी सांगितले? मी तर नाही. ही वही कुलुपात असते.

दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पडावं लागलं. चार. तेरा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मुलाने आज नाव काढलं डॉक्टरांचं. म्हटलं, शाळेतून आल्यावर बघू. तो चिडला. "शनिवारी तिथे काय तमाशा केलास तो कळलाय मला. जिना चढून निळी पडली होतीस." मी म्हटलं, निळी नव्हते, ते साडीचं प्रतिबिंब. तो हसला नाही.

वर्गात गेले. खुर्ची ठेवली होती. बसले, आयुष्यात पहिल्यांदा वर्गासमोर बसले.

पणपण दुसऱ्या बाकावर, मान खाली. तिला म्हटलं, उभी राहा. राहिली. म्हटलं, तू चुकलीस, पण एवढंसंच. आता मी काय केलं ते ऐक. आणि सांगितलं. खाट, चार वाजले, अठ्ठावीस. दुप्पट करायचं राहिलं. दर लिहायचा राहिला. आई म्हणत होती ते मी ऐकलं नाही. सिस्टरांनी आपल्या अंगावर घेतलं. सगळं. बाई दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत.



मग पणपण. तिला राहवणारच नाही. "पण आजी, तुम्ही मग हे कोणाला सांगितलं?"

"आज. तुम्हाला."

"पण सिस्टरांना काढलं तेव्हा?"

मी मान हलवली, नाही.

ती विचार करत उभी राहिली. तिला माझं वाईट करायचं नव्हतं, गणित सोडवत होती ती. म्हणाली, "पण मग तुम्ही पण दोनदा सोडलं. एकदा लिहायचं, एकदा सांगायचं."

बाई म्हणाल्या, बस आता खाली. मी म्हटलं, नको, उभी राहू दे तिला. बरोबर आहे तिचं.

घरी येताना नात तशीच. पिशवी तिच्याकडे, दोन पावलं पुढे, थांब, दोन पावलं पुढे, थांब.

१ मार्च, शनिवार

बाईंनी निरोप पाठवला, आज सुटी घ्या. मी काही मागितली नव्हती. नातीने शाळेतून येऊन तिचा तक्ता माझ्या उशीवर ठेवला. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलंय — अपूर्ण.

कोरी जागा तिने भरलीय, पण अर्धीच. "आजी — " मग मोकळं. आणि पुढे स्वच्छ अक्षरात, "दर मिनिटाला."

आकड्याशिवाय नुसता दर. असं मी बत्तीस वर्षांत कुठल्या तक्त्यावर बघितलं नाही. ओरडायला तोंड उघडलं. काय ओरडणार?

२ मार्च, रविवार

चार वाजले. परत आला. उठले नाही. घड्याळ छातीवर ठेवलं. अर्धं मिनीट, चौदा. मग थांबले नाही, पूर्ण केलं. अठ्ठावीस.

मग मी माझा श्वास धरला.

आवाज थांबला.

सोडला. सुरू.

वहीची मागची पानं उलटली. अकरा, बारा, तेरा, चौदा — सगळे अर्ध्या मिनिटाचे, सगळे उघडे, माझ्याच अक्षरात. दुप्पट केले. बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. दर आठवड्याला दोन.

नातीच्या तक्त्यात मोकळी जागा भरली.

बाहेर मुलगा पेपर वाचतोय. हाक मारते. आता बाऊ करायचा.